'मेमॉयर्स ऑफ अ गेशा': आठवणी नेमक्या कुणाच्या?

आर्थर गोल्डन या अमेरिकन लेखकाची 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' ही १९९७ ची कादंबरी नुकतीच वाचून संपवली आणि तेव्हापासून मनातल्या मनात तिच्याशी भांडतेय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी २००५ चा सिनेमा पाहिला असेल. पुस्तक त्याहून खूप दाट आहे.

गोष्ट थोडक्यात अशी: चियो, एका कोळ्याची नऊ वर्षांची मुलगी. क्योटोच्या गिओन भागातल्या ओकियात, म्हणजे गेशांच्या घरात, विकली जाते आणि पुढे सायुरी नावाची प्रसिद्ध गेशा होते. मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते तिथल्या हिशेबानं. खरेदीची किंमत, किमोनो, नाचाची शिकवणी, जेवण, औषधपाणी, सगळं पोरीच्याच नावावर कर्ज म्हणून चढत जातं. ती जितकं शिकेल तितकी जास्त अडकते! आणि हे लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, व्यवहार तसाच चालायचा. बैठकीचा वेळसुद्धा पूर्वी उदबत्त्यांवर मोजायचे. किती उदबत्त्या जळल्या, त्यावर बिल.

आता जरा मागे जाऊ, १८७२ मध्ये. 'मारिया लुझ' नावाचं पेरूचं जहाज योकोहामाला लागलं होतं, आत चिनी मजूर अक्षरशः कोंडलेले. जपानी न्यायालयानं त्यांना सोडवलं. पण खटल्यात समोरच्या वकिलानं विचारलं, की तुमच्याकडे बायका कराराने बांधून ठेवता, त्याचं काय? सरकारची पंचाईत झाली. त्याच वर्षी गेशा आणि वेश्यांना मुक्त करणारा हुकूम निघाला. त्यातला युक्तिवाद ऐका: या बायकांचे माणूस म्हणून असलेले हक्क हिरावले गेलेत, त्यांची अवस्था गाई-घोड्यांसारखी आहे. आणि गाई-घोड्यांकडे कुणी कर्जाची वसुली मागतं का? म्हणून कर्ज रद्द. मुक्त तर केलं, पण जनावरांच्या रांगेत बसवून! पुढे दत्तक घेणं, आगाऊ कर्ज देणं अशा नावांखाली जुनाच धंदा चालू राहिला. कादंबरीतली चियो विकली जाते ती या हुकुमानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी.

मला न पचलेली गोष्ट म्हणजे प्रेमकथा. बारा वर्षांच्या रडणाऱ्या पोरीला एक मोठा माणूस बर्फाचा गोळा घ्यायला पैसे देतो, आणि तिचं सगळं आयुष्य त्याच्याभोवती फिरतं. छे! ज्या बाईला इतकी धारदार नजर दिलीय, तिला दुसरं काही हवंसं वाटू नये?

शिवाय पुस्तकाच्या सुरुवातीला एका प्राध्यापकाची 'अनुवादकाची टीप' आहे. प्राध्यापकही काल्पनिक आणि टीपही. वाचणाऱ्याला वाटावं, की खऱ्या बाईनं सांगितलेल्या आठवणी आहेत. कादंबरीत हे चालतं हो, पण इथे त्याची किंमत एका खऱ्या बाईनं मोजली. मिनेको इवासाकी या गिओनमधल्या नामांकित गेइको (क्योटोत गेशाला गेइको म्हणतात). गोल्डन यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि पुस्तकात नाव घेऊन आभार मानले. नाव गुप्त ठेवायचं ठरलं होतं, असं इवासाकींचं म्हणणं. कादंबरीत कौमार्याचा लिलाव होतो. तसं माझ्या बाबतीत कधीच घडलं नाही, असंही त्यांनी ठामपणे सांगितलं. २००१ मध्ये त्या कोर्टात गेल्या, २००३ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात, २००२ मध्ये, त्यांचं स्वतःचं आत्मचरित्र इंग्रजीत आलं. त्यात रियाज आहे, अभिमान आहे, कलावंताचा ताठा आहे.

पण थांबा, इवासाकी जन्मल्या १९४९ मध्ये, आणि त्या होत्या गिओनच्या अगदी वरच्या थरातल्या. त्यांचा अनुभव म्हणजे सगळ्याच गेशांचा अनुभव नव्हे. सायो मासुदा यांचं पुस्तक जपानीत १९५७ मध्येच आलं होतं. त्या सुवाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातल्या गेशा, बाराव्या वर्षी विकलेल्या. त्याआधी दुसऱ्यांची पोरं सांभाळायच्या. थंडीत एक पाय दुसऱ्या मांडीला लावून ऊब घ्यायच्या, म्हणून लोक त्यांना 'करकोचा' म्हणायचे. शाळा नाही, लिपीसुद्धा मोठेपणी जेमतेम शिकलेल्या. त्यांच्या पुस्तकात कुणी चेअरमन सोडवायला येत नाही. २००३ पासून ते इंग्रजीत मिळतं. गोल्डन यांचं पुस्तक वाचलं असेल, तर हे लगेच त्याच्या पाठोपाठ वाचा.