ख्रिस्ती वेगळेपण : मराठी प्रदेशातील कल्पना व आचार

ख्रिस्ती वेगळेपण : ख्रिस्ताला मानणाऱ्याने चारचौघांत राहावे, पण चारचौघांची रीत डोळे मिटून उचलू नये, ही शिकवण. आधार नव्या करारात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरचे प्रवचन (अध्याय ५ ते ७), रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय आणि पेत्राचे पहिले पत्र ही तिची मुख्य स्थळे. सूड घेऊ नये, वैऱ्याचेही भले चिंतावे, दान गाजावाजा न करता द्यावे, देव आणि पैसा या दोन धन्यांची चाकरी एकदम करू नये, असा तिचा आशय आहे. पेत्र तर विश्वासणाऱ्यांना या जगातले परके आणि प्रवासी समजतो.

या यादीत पोशाख नाही, जेवणाचे ताट नाही, आडनाव नाही. दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, दिओग्नेतस नावाच्या कुणाला लिहिलेले एक ग्रीक पत्र आहे, लेखक अज्ञात. ख्रिस्ती लोक भाषेवरून किंवा कपड्यांवरून ओळखू येत नाहीत, ज्या गावी राहतात तिथल्याच चालीने खातात-पितात. मात्र नको असलेले तान्हे मूल ते उघड्यावर टाकून देत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. या कल्पनेची याहून नेटकी व्याख्या सापडणे कठीण. मराठी प्रदेशात मात्र क्रम उलटा लागला. इथे ताट, कपडा आणि वस्ती आधी बदलली, वागणूक किती बदलली याचा हिशेब मागाहून मांडला गेला.

गोव्यात हे हुकमाने झाले. १५६० मध्ये सुरू होऊन १८१२ मध्ये कायमच्या बंद झालेल्या धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशन) १७३६ च्या आदेशात नवख्रिस्ती घरांना काय काय मना आहे ते सांगितले. अंगणात तुळस नको, धोतर नको, लग्नात विडा-फुलांची देवाणघेवाण नको; फार काय, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणेही नको. मिठाच्या दाण्यावरून धर्म ओळखायचा, अशी ही सरकारी पद्धत. विशेष हे की याच गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत छापले गेले होते.

ब्रिटिश मुलखातील प्रॉटेस्टंट मिशनांनी असे फर्मान काढले नाही. तिथे वेगळेपण बहिष्कारातून आले. बाप्तिस्मा घेतला की माणूस ‘बाटला’. घर, विहीर, सोयरीक तुटे. १८५० च्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही अशी सोय केली. १८६६ च्या कायद्याने, जोडीदार नांदायला तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्याला विवाहमुक्ती मिळू लागली. कायद्याने वाटा दिला तरी गावाने पाणी दिले नाही. बाटलेला माणूस मिशनच्या कंपाऊंडात येई, तिथल्या शाळेत, दवाखान्यात किंवा प्रचारकाच्या कामावर लागे आणि पगारासाठी साहेबाकडे पाही. निराधाराला कंपाऊंडाने छप्पर दिले हे नाकारता येत नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला दिसला तो साहेबाचा धर्म, आणि पाहणाऱ्याची फार चूक होती असे म्हणवत नाही.

नागपूर परिसरात या इतिहासाचे पहिले ठिकाण कामठी. खापरखेडा या गावाजवळून वाहणारी कन्हान नदी पुढे कामठीला लागते. तिथली छावणी १८२१ ची. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) १८४५ मध्ये इकडे आले तेव्हा नागपूर भोसल्यांचे राज्य होते. ते १८५४ मध्ये खालसा झाले. मिशनरी, शाळामास्तर आणि भूगर्भशास्त्रज्ञ अशा तिन्ही नात्यांनी हिस्लॉप मध्य प्रांतात हिंडले. गोंड व इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात १८८३ पासून आहे. फ्री चर्चची मंडळी रविवार कडकडीत पाळणारी. बाजार, प्रवास, करमणूक सगळे बंद. त्यांच्या लेखी वेगळेपणाची पहिली खूण हीच होती.

कंपाऊंडाबाहेर पाऊल टाकण्याचा विचार मराठी ख्रिस्ती माणसांनीच केला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण इंग्रजी चर्चची शिस्त मुकाट्याने गिळली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत का नको, असा वाद त्यांनी आपल्या मठवासी मार्गदर्शिकेशी घातला. खाणे शाकाहारी राहिले. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायका पुण्याकडे घेऊन गेल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. विधवेला सोवळ्याच्या कोपऱ्यातून उठवून छापखान्यात आणि शेतात कामाला लावणे हे त्यांच्या वेगळेपणाचे रूप, आणि ते हिंदू रूढीइतकेच इंग्रजी परोपकारालाही अडचणीचे होते.

कवी नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) धर्मांतराचा धागा थेट नागपुराला जोडलेला आहे. १८९१ च्या सुमारास ते नागपुरात धनिक आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. १८९३ मध्ये राजनांदगावच्या गाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची बावीस वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन त्यांनी रुजवले; इंग्रजी चालींवर गाणाऱ्या मंडळीच्या हाती टाळ दिले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तशिष्य चालत. म्हणजे वेगळेपणाची वेस त्यांनी चर्चच्या दारातून उचलून वागणुकीत नेली. दोनच वर्षांत ते वारले आणि दरबार विस्कटला. प्रयोग पुरता तपासलाच गेला नाही.

या सगळ्याचा सर्वांत खरा पुरावा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांत (१९३४ पासून भागांनी प्रसिद्ध) आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी त्या त्याच्याकडे परतल्या त्या सोवळे-ओवळे सोबत घेऊन. पाणी वेगळे, चूल वेगळी. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना आधी पटले. कुणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. पंगत आधी आणि पाणी डोक्यावर मागाहून, हा क्रम कोणत्याही धर्मपंडितापेक्षा त्यांनी नीट सांगितला आहे.

चर्चच्या आत हा प्रश्न सुटला असे नाही. प्रभुभोजनाचा प्याला एक झाला तरी सोयरिकी बहुधा जुन्या जातींतच जुळत राहिल्या. ख्रिस्ती झाल्याने अस्पृश्याचे समाजातले स्थान बदलत नाही आणि ख्रिस्ती समाज त्याविरुद्ध लढतही नाही, ही डॉ. आंबेडकरांची टीका या ठिकाणी वर्मी बसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर राहिला, म्हणजे जात उरली आणि तिची भरपाई गेली. त्याच दशकात, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने (नेमणूक १९५४, अहवाल १९५६) मिशनांच्या परकीय पैशावर आणि धर्मांतरितांच्या देशनिष्ठेवर बोट ठेवले. बायबलातल्या ‘परके’ या शब्दाचा इथे फारच निराळा अर्थ लागला. अहवालातील आरोपांवर वाद आहे. कंपाऊंडाच्या भिंतीने संशयाला जागा दिली, यावर फारसा नसावा.

नागपूरपासून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) या तमिळ ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाने वेगळेपणाला पैशाच्या व्यवहारात आणले. लंडनला हिशेबनीस झालेला आणि मुंबईत चालता व्यवसाय असलेला हा माणूस १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहू लागला. घाण्याचे तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद हे त्याचे विषय. येशूच्या शिकवणुकीवरील त्याचे इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये निघाले. युद्धाला आशीर्वाद देणाऱ्या चर्चला त्याने जाब विचारला होता.

पंथभेद हे आणखी एक उसने वेगळेपण. स्कॉच आणि इंग्रज यांची भांडणे इथल्या मंडळ्यांना वारशाने मिळाली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च-संघटना एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च (सीएनआय) स्थापन झाले.

खापरखेडा आज १३४० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रासाठी ओळखले जाते. अशा गावात हिस्लॉपच्या काळची रविवार पाळण्याची खूण टिकणे शक्यच नाही, कारण बॉयलर रविवार पाळत नाही आणि शिफ्ट उपासनेची वेळ पाहून लागत नाही. चर्चमध्ये आज जे वेगळेपण शिकवले जाते त्यात दारू, हुंडा, शपथेवर खोटे बोलणे आणि दशमांश हे विषय येतात. रविवार ज्याला जमेल तो पाळतो.