दाराला डकवलेला कागद

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. गोरेगाव पूर्वेला त्यांची पुठ्ठ्याच्या खोक्यांची शेड होती, भाड्याची. खोकी जायची गिरण्यांच्या कापडाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नानांचं कामच थांबलं. आधीच्या मालाचं येणं अडकलं. पुठ्ठा देणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी मात्र डोक्यावर तशीच. पावसाळ्याच्या तोंडाला शेडला कुलूप घालून नाना गावी आले, बाजरीच्या पेरणीला.

इकडे व्यापाऱ्यानं दावा लावला. बेलीफ दोनदा येऊन कुलूप बघून गेला. शेवटी समन्स दाराला डकवलं. मुंबईच्या पावसात तो कागद किती दिवस टिकणार? तारखेला पुकारा झाला, नाना गैरहजर. एकतर्फी हुकूमनामा! रक्कम, व्याज, वर दाव्याचा खर्च. दिवाळीनंतर नाना शेड उघडायला गेले तेव्हा शेजारचा म्हणाला, "शेठ, जप्तीवाले येऊन गेले."

गावी कळलं तशी आजी म्हणाली, "हे तर आपल्या सुप्याच्या सावकारांवाणी झालं."

आमचं गाव सुप्यापासून दोन कोसांवर. १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, सुप्यात कुणब्यांनी सावकारांची खतं आणि वह्या ओढून काढून जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. त्यामागं कोर्टाचे कागदही होते. १८५९ च्या कायद्यानं साध्या खतावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायचा. मग दावा. कोर्ट लांब, समन्स कधी पोचायचं, कधी नाही. आणि पोचलं तरी अंगठा आपलाच, जाऊन सांगायचं काय? दावेच्या दावे एकतर्फी निघायचे. सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. दावा शेतकरी राहतो तिथल्या कोर्टात लावायचा आणि नुसत्या खतावर न जाता न्यायाधीशानं व्यवहार मुळापासून तपासायचा. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. गैरहजर माणूस म्हणजे कबूल झालेला माणूस नव्हे, एवढं तरी सरकारला कळलं होतं.

नाना मात्र कोर्टाच्या लेखी शेतकरी नव्हते, व्यापारी होते. व्यापाऱ्याला साधा दिवाणी कायदा: समन्स नीट बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करून मागायचा. पण कळलं कधी, आणि तोवर होतो कुठं, ते दाखवायचं कशानं? सोसायटीतून खत घेतल्याची जुलैची पावती आजीच्या ट्रंकेत सापडली, नानांच्या सहीची. कोर्टानं अर्धी रक्कम भरायच्या अटीवर दावा पुन्हा उघडला. त्यात आजीच्या पाटल्या गेल्या.

उधारी नानांनी कधीच नाकारली नव्हती. त्यांचं म्हणणं एकच: पुठ्ठ्याचे दोन लॉट भिजलेले निघाले, परत केले, तरी ते हिशेबात धरलेत. चलनावर व्यापाऱ्याच्या माणसाची 'माल परत' अशी सही होती. पहिल्या खेपेला ते चलन कोर्टानं पाहिलंच नव्हतं, कारण दाखवायला कोणी नव्हतं. तेवढी रक्कम वजा झाली, बाकीची हप्त्यांनी फिटली.

पुढं नाना गावी निघाले की शेजाऱ्याकडं गावचा पत्ता लिहिलेली चार पोस्टकार्डं ठेवून यायचे. म्हणायचे, "दाराला काही चिकटलं, तर टाक पेटीत."