सावदा : मोजणीपासून कूपनलिकेपर्यंत

देशातल्या सर्वसामान्य माणसाचे रोजचे जगणे बिघडत चालले आहे की सुधारत आहे, हा वाद भारतात किमान दीडशे वर्षे चालू आहे. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या सुमारास हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागून येणारी रक्कम, अवघे वीस रुपये असल्याचे मांडले. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ते तीस रुपयांपर्यंत चढल्याचा दावा केला, आणि त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी मोठा ग्रंथ लिहून ते उलट घटतच गेल्याचे प्रतिपादन केले. या तिघांचेही माप सरासरीचे होते, आणि सरासरी हे माप राष्ट्राला लागू पडत असले तरी गावाला फारसे लागू पडत नाही. कारण गावात कोणाच्या विहिरीला पाणी राहिले, कोणाचे पोर जगले आणि मालाचा भाव कोणी ठरवला, यांवर जगण्याचा कस लागतो. सातपुड्याचा पायथा आणि तापी नदी यांच्यामधल्या काळ्या, गाळाच्या पट्ट्यात वसलेले जळगाव जिल्ह्यातील सावदा हे गाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे, कारण आपले दिवस पालटत आहेत ही जाणीव या गावाने एकदा नव्हे, अनेकदा आणि दर वेळी वेगळ्या कारणाने अनुभवली आहे.

सावदा १७६३ मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे आले आणि पुढे लवकरच पेशव्यांचे सोयरे असलेल्या रास्ते सरदारांना मिळाले. त्यानंतरची अर्धशतकाची कथा खानदेशात सर्वत्र सारखीच दुःखाची आहे. होळकरांच्या फौजांची लूट, १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि वतनदारांनी बाळगलेल्या अरबी शिबंद्या यांमुळे गावेच्या गावे ओस पडली, इतकी की १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रांत ताब्यात घेतला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्यापुढचे पहिले काम महसूल गोळा करण्याचे नव्हे, तर जमीन कसायला माणसे परत आणण्याचे होते. जुना काळ सुखाचा होता असे सरसकट म्हणणाऱ्यांनी खानदेशाचा हा काळ नजरेआड करू नये.

सुव्यवस्था आली, आणि तिच्याबरोबर मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात रूढ केलेल्या पाहणी-पद्धतीत प्रत्येक शेताला क्रमांक, म्हणजे सर्वे नंबर, देण्यात येई, मातीचा कस पाहून त्याची आणेवारी ठरे, आणि त्यावरून तीस वर्षांसाठी सारा, म्हणजे जमीन महसूल, कायम केला जाई. सरकारच्या दृष्टीने ही मनमानीला लगाम घालणारी सुधारणा होती. दरवर्षी नव्याने सारा ठरवण्यात कुळकर्णी-देशमुखांना जी लुडबूड करता येई ती तिने बंद होणार होती. परंतु सावदा, रावेर, यावल, चोपडा या बागायती पट्ट्यातल्या कुणब्यांनी मोजणीदाराच्या साखळीकडे अगदी निराळ्या नजरेने पाहिले. विहीर खोदून, पिढ्यान्‌पिढ्या खत घालून सकस केलेल्या जमिनीवर आता जास्त सारा बसणार, आणि आजवर तोंडी समजुतीने चालत आलेले कागदावर कायमचे गोठणार, ही त्यांची धास्ती होती. १८५२ मध्ये पाहणीच्या निमित्ताने सावद्यात दहा ते पंधरा हजार लोक जमले, आणि लष्कराची तुकडी येऊन म्होरक्यांना पकडेपर्यंत हा जमाव हटला नाही. शेतसाऱ्याच्या मोजणीविरुद्ध एवढ्या मोठ्या संख्येने, १८५७ च्या पाच वर्षे आधी, शेतकरी एकवटल्याची उदाहरणे मुंबई इलाख्यात थोडी आहेत.

या लोकांचे भय खरे ठरले काय? अंशतः ठरले. सारा कायम झाला, शेतावर हक्क सांगणारा कागद हाती आला, तसा तो कागद गहाण ठेवण्याची सोयही झाली, आणि रोख सारा भरण्यासाठी सावकाराचे दार ठोठावणे नित्याचे झाले. मात्र त्याच सुमारास दुसरी एक शक्ती या भागात उतरत होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८६० च्या दशकात भुसावळहून खंडव्याकडे निघाला आणि सावद्याला स्वतःचे रेल्वेस्थानक मिळाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना खानदेशी कापसाची भूक लागली होती. ती युद्धाबरोबर ओसरली, तरी कापसाची वाट कायमची लोहमार्गाला जोडली गेली. १८८३ मध्ये सावद्यात नगरपालिका स्थापन झाली. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या पावणेनऊ हजारांच्या घरात होती, आणि व्यापाराचा माल म्हणून कापूस, हरभरा, जवस आणि गहू यांची नोंद आढळते. आठवडी बाजारात निमाडी आणि वऱ्हाडी बैलांची मोठी उलाढाल होत असे. गुरांच्या बाजाराचा लौकिक सावद्याने पुढे दीर्घकाळ टिकवला. आज सावद्याचे नाव ज्या फळाशी जोडले जाते ते केळे मात्र त्या यादीत कुठेही नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला विक्रम संवत १९५६ वरून छपन्नचा दुष्काळ म्हणतात, जगण्याचे सगळे हिशेब एका वर्षात पुसून टाकले, आणि त्याच्या मागेपुढे प्लेगही होताच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही आत होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्रात पाऊस तितक्याच क्रूरपणे रुसला, पण तेव्हा रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला सरकारी कामावर मजुरी देण्याची, योजना उभी राहिली, खडी फोडून का होईना माणसे जगली, आणि तिचा पुढे कायदा झाला. रोजचे जगणे बिघडत चालले आहे अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने आधी या एका बदलाची किंमत ओळखली पाहिजे, कारण मेलेल्या मुलांना वाईट दिवसांची तक्रारही करता येत नाही.

जगणे सुधारावे यासाठी काय मागावे, हेही याच परिसराने शब्दांत मांडले. सावद्याच्या शेजारच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, मंडप बांबू, चटया अशा गावच्याच वस्तूंतून नंदलाल बोस यांनी सजवला होता, धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते राबले, साने गुरुजींनी स्वयंसेवक गोळा करण्यासाठी खानदेश पालथा घातला. या अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, ज्यात सारा आणि खंड कमी करणे, कर्जाची सक्तीची वसुली थोपवणे, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळणे आणि त्याला संघटनेचा हक्क असणे या मागण्या होत्या. सावद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे हे की १८५२ चा जमाव कोणतेही नवे माप आपल्यावर लादू नका असे सांगत होता, तर १९३६ चे शेतकरी आमचेही माप धरा असे म्हणू लागले होते.

सावद्याचे जगणे प्रत्यक्षात बदलले ते केळीने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रावेर-यावलच्या बागायतदारांनी केळीची लागवड व्यापारी प्रमाणावर वाढवली, आणि त्यामागे रेल्वे होती. सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून घड वॅगनमध्ये रचून दिल्लीकडे पाठवण्याची रीत पडली, त्यासाठी बागायतदारांच्या सहकारी फ्रूटसेल सोसायट्या निघाल्या, आणि ज्या स्थानकावरून कापूस जाई त्याची ओळख केळीच्या वॅगनांनी होऊ लागली. बागांचे स्वतःचे पंचांग तयार झाले: मृगाच्या आसपास लावलेला तो मृगबाग, पावसाळा सरल्यावर लावलेला तो कांदेबाग, पहिली काढणी झाल्यावर बुंध्याशी आलेल्या पिलांवर धरलेला तो पिलबाग. बुटकी बसराई दीर्घकाळ राज्य करत होती. तिच्यानंतर श्रीमंती आणि महालक्ष्मी आल्या, आणि १९९० च्या दशकापासून जळगावातच तयार होणाऱ्या ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत पेशीपासून वाढवलेल्या, ग्रँड नैन जातीच्या रोपांनी ठिबक सिंचनाच्या जोडीने पिकाचा काळ कमी आणि घडाचे वजन जास्त केले. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून ती दुबईला रवाना झाली. सिमेंटची घरे, ट्रॅक्टर, पुण्या-मुंबईत शिकणारी मुले हे सगळे केळीने दिले, आणि ते थोडे नव्हे.

पण केळी पाण्यावर उभी असते. पाच-पाच फुटांवर लावली तर हेक्टरी सुमारे ४,३०० खोडे बसतात, आणि उन्हाळ्यात, जेव्हा या भागाचा पारा ४५ अंशांवर जातो, एकेका खोडाला ठिबकनेही रोज पंधरा-वीस लिटर पाणी लागते. हे पाणी तापीतून फारसे येत नाही. ते बहुतांशी जमिनीखालून येते. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे, ज्याला भूशास्त्रात बजाडा म्हणतात. सुकी, मोर, भोकर अशा नद्यांचे पावसाळी पाणी त्यात झपाट्याने मुरते आणि खालच्या गाळाच्या पट्ट्यातल्या विहिरींना मिळते. मोटेच्या काळात जेवढे मुरे त्याच्या आतच उपसा राही, कारण बैलांना आणि दोराला मर्यादा होती. विजेचा पंप आला तेव्हा ती मर्यादा गेली, आणि पाण्यात बुडणारा पंप कूपनलिकेत उतरला तेव्हा खोलीचीही मर्यादा उरली नाही. जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, त्यांच्या तळाशी आडवी-उभी भोके घेतली गेली, मग शेकडो फूट खोल कूपनलिका आल्या. यावल आणि रावेर तालुके अतिशोषित, म्हणजे दरवर्षी मुरते त्याहून अधिक पाणी उपसले जाणारे, म्हणून केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदीत आले. सावद्याच्या समृद्धीतला मोठा वाटा अशा रीतीने पूर्वजांच्या पावसाचा आहे, आणि तो परत भरला जात नाही.

हा उपसा ज्याला परवडतो त्याचे जगणे सुधारत राहते. ज्याची कूपनलिका कोरडी निघाली त्याला दुसरी खोदण्यासाठी कर्ज काढावे लागते, आणि ज्याची जमीनच नाही त्याला दोन्ही गोष्टींत वाटा नाही. घड कापणारे, वाहणारे, गाडीत रचणारे मजूर बहुतेक तडवी, पावरा आणि इतर भूमिहीन कुटुंबांतले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला आणि मालावर बसून घरी परतणारे पंधरा मजूर ठार झाले. त्यांतले बहुतेक रावेर तालुक्यातले होते. फैजपूरच्या ठरावाने ज्याला जगण्यापुरती मजुरी मागितली, तो पंचाऐंशी वर्षांनंतरही मालाच्या वर बसून प्रवास करत होता. बागायतदाराचीही अडचण वेगळ्या प्रकारची आहे: बाजार समितीने जाहीर केलेल्या भावापेक्षा कमी दराने माल उचलला जातो, तर पलीकडच्या बऱ्हाणपुरात लिलाव होतो, ही त्याची जुनी तक्रार आहे, आणि जूनच्या वादळात उभ्या बागा आडव्या झाल्या की ती आणखी तीव्र होते.

आणखी एक आकडा असा आहे की ज्यापुढे समृद्धीची भाषा थांबली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८८० होत्या. केळीच्या पैशाने सोनोग्राफी तालुक्याच्या गावापर्यंत आली आणि तिचा हा उपयोग झाला. अशिक्षित बहिणाबाई चौधरींच्या ओव्या ज्या मातीत जन्मल्या त्याच मातीत, उपासमार नसताना, मुली जन्मालाच येऊ नयेत, हा बिघाड कोणत्याही दरडोई उत्पन्नात दिसत नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. त्यानुसार तापीचे पुराचे पाणी अडवून कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या बजाडा पट्ट्यात सोडले जाईल आणि तेथून ते जमिनीत मुरेल. योजनेतले पाणी सुमारे ३१ टीएमसी, म्हणजे ३१ अब्ज घनफूट, आहे. ही योजना व्हावीच, आणि तिच्यासाठी या भागातल्या लोकांनी दीर्घकाळ धरलेला आग्रह योग्यच होता. परंतु महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर वा कूपनलिका घेण्यास मनाई असताना त्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर उपसा चालतो, आणि तो किती चालतो हे कोठेही नोंदले जात नाही. १८५२ नंतर सावद्याची जमीन गुंठ्यापर्यंत मोजली गेली. सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांच्या उताऱ्यावर, शेत कोणाचे, पीक कोणते, विहीर आहे की नाही, हे सगळे उतरले. त्या विहिरीतून वर्षाला किती पाणी काढले, याचा रकाना त्यात नाही. मुरवलेले पाणी सर्वांच्या खर्चाने येणार आणि उपसा ज्याच्या त्याच्या पंपाच्या ताकदीने होणार असेल, तर कालव्याच्या पहिल्या आवर्तनाआधीच, ग्रामसभेत बसून, त्या रकान्यात काय लिहायचे हे रावेर-यावलच्या बागायतदारांना आणि मजुरांना एकत्र ठरवावे लागेल.