सरकलेला रंग, हरवलेला रंग

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील नाटे हे खाडी आणि समुद्र यांच्या सांध्यावरचे, यशवंतगडाच्या सावलीतले गाव. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली आणि अशा सर्व गावांच्या इतिहासात एक नवे पात्र दाखल झाले : नकाशावरील रंगीत रेषा. भरतीरेषा कोठून जाते, तिच्यापासूनचे पाचशे मीटर कोठे संपतात, कोणती जमीन कोणत्या वर्गात पडते, हे त्या रेषांनी आणि रंगांनी सांगायचे. २०११ च्या अधिसूचनेने आराखड्यांसाठी १:२५,००० आणि स्थानिक वापराच्या नकाशांसाठी सुमारे १:४,००० हे प्रमाण नेमून दिले. घर वाढवायचे असो की जाळी सुकविण्याच्या जागेवर हक्क सांगायचा असो, वाद या कागदापाशी येऊन थांबतो. आणि सामान्य माणसाच्या हाती येते ती मूळ नकाशाची नव्हे, बहुधा प्रतीची प्रत. म्हणून रंगीत झेरॉक्स यंत्राचे दोष हा विषय केवळ दुरुस्ती करणाऱ्याचा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

या दोषांची वंशावळ जुनी आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले तेव्हा प्रश्न एकाच काळ्या शाईचा होता. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने जर्मन यंत्रे व कारागीर आणून मुंबईत चित्रांचा छापखाना उभारला (तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला), आणि रंग जुळविण्याची कटकट खऱ्या अर्थाने आपल्याकडे आली. प्रत्येक रंगास वेगळा दगड, आणि तोच कागद प्रत्येक दगडावर पुन्हा नेमका त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी दगडांच्या कडेला फुलीच्या खुणा करीत. कागद दमटपणाने किंचित फुगला की फुली फुलीवर बसत नसे, आणि लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सांडे. दादासाहेब फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले ते सिनेमासाठी नव्हे, रंगीत छपाईच्या विद्येसाठी, हेही येथे आठवावे. त्या काळच्या दोषाचा एक मोठा गुण असा की तो देव्हाऱ्यासमोर बसलेल्या आजीलाही दिसे.

झेरॉक्सचा जन्म मात्र चित्रांतून नव्हे, कचेरीच्या कागदांतून झाला. चेस्टर कार्लसन हा पेटंट विभागात काम करणारा गृहस्थ. नकला करून त्याचे हात आणि डोळे दुखत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युत्भारित केला, त्यावर प्रकाश पाडला, भुकटी भुरभुरली आणि तारीख व जागेचे नाव कागदावर उतरवले. १९५९ चे ‘झेरॉक्स ९१४’ इतके तापे की कागद पेट घेई. कंपनी सोबत छोटे अग्निशामक देत असे. १९७३ मध्ये त्याच कंपनीचे रंगीत यंत्र आले. तत्त्व आजही तेच आहे : ड्रमवर विजेचे अदृश्य चित्र, त्याला चिकटणारी टोनरची भुकटी, आणि ती कागदात वितळवून बसविणारा तापलेला फ्यूजर. रंगीत यंत्रात हे निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार भुकट्यांसाठी चारदा घडते.

हे ध्यानी घेतले की दोष वाचता येतात. पानावर तोच ठिपका ठरावीक अंतराने येत असेल तर पट्टी घेऊन अंतर मोजावे. ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ९४ मिलिमीटर; अंतर तितकेच भरले तर ओरखडा ड्रमवर आहे, वेगळे भरले तर दुसऱ्या कोणत्या तरी रुळावर. एखादी उभी काळी रेघ फक्त वरच्या फीडरमधून घातलेल्या कागदांवर उमटते आणि मूळ कागद काचेवर पालथा ठेवला की नाहीशी होते. तेव्हा फीडरखालच्या अरुंद काचेवर चिकटलेला एखादा कण पुसणे एवढीच दुरुस्ती असते, पण तिच्यासाठी ड्रम बदलले जातात! अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर फ्यूजर पाहावा. कोकणात यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे आषाढातली हवा. डोक्यावर घासलेला कंगवा पावसाळ्यात कागदाचे कपटे उचलत नाही, हे शाळेत आपण सर्वांनी पाहिले आहे. ओला कागद भार धरून ठेवत नाही. टोनर अर्धवट उतरतो, रंग चट्ट्याचट्ट्यांनी फिका येतो, आणि गरम फ्यूजरमधून जाताना कागद वाळून आखडतो. रिमचे वेष्टन वापराच्या वेळीच फोडावे आणि उरलेले कागद पुन्हा बांधून ठेवावेत, हा उपाय यंत्राच्या कोणत्याही सुट्या भागापेक्षा स्वस्त आहे.

आमची खरी चिंता या दिसणाऱ्या दोषांची नाही. हिरवी रेषा यंत्राच्या दृष्टीने निळसर अधिक पिवळी असते. पिवळा टोनर संपत आला तर रेषा मोडत नाही, फाटत नाही. ती शांतपणे निळी होते. लाल रेषा तशीच किरमिजी होते. ज्या कागदावर रंग म्हणजे कायद्यातील वर्ग, तेथे हा बदल कोणास दोष म्हणून जाणवेलच असे नाही. काळ्यापांढऱ्या प्रतीत तर सर्व वर्ग एकाच राखाडी रंगात मिसळतात. रंग अर्धा मिलिमीटर सरकला तर १:४,००० च्या नकाशावर ती चूक जमिनीवर दोन मीटरांची असते, १:२५,००० वर साडेबारा मीटरांची.

२०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्सची काही यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटरच्या झाल्या. जागा वाचविणारी संक्षेपणाची रीत एकासारखे दिसणारे आकडे एकच समजत होती. कंपनीला पुढे सुधारित प्रणाली द्यावी लागली. रविवर्म्याच्या छापखान्यातील सरकलेला दगड असा गुळगुळीत खोटेपणा करू शकला नसता.

आजच्या यंत्रांतही फुलीच्या खुणांचे वारसदार आहेत : रंग जुळविण्याची आज्ञा दिली की यंत्र आपल्या आतील पट्ट्यावर खुणा छापते, त्या संवेदकाने वाचते आणि पुसून टाकते. महत्त्वाची प्रत काढण्यापूर्वी दुकानदारास ती आज्ञा द्यावयास सांगावी. रंगांची सूची असलेला कोपरा प्रतीत कापला जाऊ देऊ नये; रेषेचा रंग आणि सूचीचा रंग दोन्ही एकाच यंत्रात बिघडले, तर निदान ते एकमेकांशी जुळून राहतात. आणि ‘पानात बसवा’ ही सोय बंद करून, नकाशावरील प्रमाणपट्टीवर आपली पट्टी ठेवावी. १:४,००० वर ४०० मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर. प्रतीवर ते ९.९ भरले, तर तिच्यावर मोजलेल्या दर चारशे मीटरांतून चार मीटर गेले. खाडीकाठच्या घरात तेवढ्यात पुढची पडवी आणि ओटी दोन्ही मावतात.