वर्षाला एक डॉलर, दहा वर्षे

बॉस्टन शहरात डिसेंबर १८८७ मध्ये एक संस्था स्थापन झाली. तिचे पदाधिकारी अमेरिकन, वर्गणीदार अमेरिकन, आणि काम मात्र मुंबईत अजून सुरूही न झालेल्या एका शाळेचे. संस्थेचे नाव ‘रमाबाई असोसिएशन’. अध्यक्षपदी एडवर्ड एव्हरेट हेल हे धर्मोपदेशक आणि लेखक होते, उपाध्यक्षांत दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सेस विलार्ड होत्या. पंडिता रमाबाई बालविधवांसाठी जी निवासी शाळा काढणार होत्या, तिचा खर्च दहा वर्षे उचलायचा, असा या मंडळींचा संकल्प होता. स्त्रिया आणि मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थांना लोकवर्गणीतून अनुदान देणारे अनेक निधी आज जगभर आहेत. त्यांची वंशावळ मांडायची तर बॉस्टनची ही संस्था बरीच वरच्या पिढीत येते.

रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि इंग्लंडमधून आलेल्या रमाबाई प्रेक्षकांत होत्या. थोडे दिवस राहून परतायचे, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात मुक्काम अडीच वर्षांहून अधिक लांबला. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. हिंदू विधवेच्या आयुष्याचे वर्णन करून पुस्तक थांबत नाही. शेवटच्या प्रकरणात रमाबाई वाचकाकडे थेट मदत मागतात, आणि ती कशासाठी हवी हेही सांगतात. विधवांना राहायला सुरक्षित घर हवे, शिकवायला शिक्षिका हव्यात, आणि स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे काहीतरी हातात हवे. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या आणि विक्रीचा पैसा शाळेच्या कामी आला.

पण खरी करामत होती ती ‘रमाबाई सर्कल’ या लहान मंडळांची. एखाद्या गावातल्या, चर्चमधल्या किंवा महाविद्यालयातल्या बायकांनी एकत्र यायचे आणि प्रत्येकीने वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा. एक वर्ष नव्हे, दहा वर्षे. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचे मंडळ हे या मालिकेतले अगदी सुरुवातीचे. रमाबाई पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत व्याख्याने देत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग अशी मंडळे उभी राहत गेली. जमलेला पैसा बॉस्टनला जाई. तिथे ज्युडिथ अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखालची स्त्रियांची कार्यकारी समिती हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळी.

या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे ती दहा वर्षांची मुदत. एकरकमी देणगीतून इमारत होते, पण सात-आठ वर्षांच्या मुलीला शिकवून शिक्षिका करायचे तर एका इमारतीवर भागत नाही. तिची दहा वर्षे कोणीतरी आधी धरून ठेवावी लागतात. अनुदान देणाऱ्या पुष्कळ संस्थांना हे आजही उमगलेले नाही. एका वर्षाचा पैसा देऊन दुसऱ्या वर्षी ‘परिणाम दाखवा’ म्हणणारे कमी नाहीत. १८८७ मधल्या त्या बायकांना ते उमगले होते.

महाराष्ट्रात याआधी असे काही घडलेच नव्हते, असे मात्र नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे त्यांच्या शाळांना वर्गणीदारांच्या पैशाबरोबर दक्षिणा प्राइझ फंडातून दरमहा अनुदान मिळू लागले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग इंग्रजांनी शिक्षणाकडे वळवला होता, आणि त्यातला वाटा मुलींच्या शाळेपर्यंत पोहोचला. पैशाचा याहून अर्थपूर्ण प्रवास क्वचितच सापडेल. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. फरकही नोंदवायला हवा. फुल्यांच्या शाळांत सगळ्या जातींच्या मुलींना जागा होती. बॉस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांसाठी मागितला आणि दिला गेला होता.

रमाबाई जपान आणि हाँगकाँगमार्गे परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातल्या देवरुखच्या गोदूबाई जोशी. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर होते. बॉस्टनशी ठरले होते की शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही. मात्र रमाबाईंनी आपली प्रार्थना दार लावून करावी असेही कोणी म्हटले नव्हते. काही मुली त्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि वादाला तोंड फुटले. ‘केसरी’ने सदनावर कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे देणाऱ्यांची कसोटी लागली. हजारो मैलांवरच्या बायकांना पुण्यातल्या वादातले खरेखोटे तपासणे सोपे नव्हते, आणि हात आखडता घेतला असता तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. तरीही असोसिएशनने आपली दहा वर्षे पुरी केली. दरम्यान १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि बायका आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’चे काम उभे राहिले. १८९८ मध्ये मुदत संपली तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, आणि ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ या नव्या नावाने ती सोबत पुढे चालू राहिली.

गोदूबाईंचे काय झाले, हा या कुळकथेतला सर्वांत मोलाचा धागा आहे. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे पुन्हा त्याच तारखेला, त्यांचा विवाह फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांशी झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या गावी, मुरुडला, गावकऱ्यांनी जोडप्यावर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. शारदा सदनाची उपयुक्तता ते आपल्याच घरात पाहत होते, आणि धर्मांतराच्या संशयाने पालक बिचकतात हेही त्यांना कळत होते. म्हणून अशाच कामासाठी पैसा इथल्याच समाजाकडून उभा करायचा, असे त्यांनी ठरवले. सुरुवात स्वतःच्या शिलकीतून केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली आणि १९०० मध्ये आश्रम तिथे एका झोपडीत गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे संध्याकाळी चिखलवाट तुडवत हिंगणे गाठत. सुटी लागली की वर्गणी गोळा करायला बाहेर पडत.

त्यांच्याहून अवघड काम पार्वतीबाई आठवल्यांनी केले. आनंदीबाई कर्व्यांची ही विधवा बहीण मोठ्या वयात आश्रमात येऊन शिकली आणि मग आश्रमासाठी गावोगाव फिरली. ज्या समाजाने विधवेचे समोर येणे अशुभ मानले, त्याच समाजापुढे एका विधवेने उभे राहून बोलायचे आणि विधवांसाठी पैसे मागायचे! कर्व्यांना नकार मिळे तो एका सुधारकाला. पार्वतीबाईंना तो एक बाई म्हणून मिळे, आणि तरी त्या पुढच्या दारात जात. १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ वाचताना जाणवते की निधी गोळा करणे म्हणजे आकडे जुळवणे नव्हे, रोज नव्याने धैर्य गोळा करणे आहे.

मोठा पैसाही आला. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी देऊ केली. वर्षाला ५२,५०० रुपये व्याज देणारी ती रक्कम होती. तिच्यामुळे विद्यापीठ तगले, यात शंका नाही. बदल्यात विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव लागले, आणि १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. मोठी देणगी संस्थेचे नाव आणि पत्ता बदलू शकते. हजार लोकांच्या एकेका रुपयात ती ताकद नसते, आणि तेच त्या रुपयाचे बळ आहे.

हिंगण्याच्या संस्थेने हा एकेक रुपया जमवण्याची रीत पुढे आपल्या सणात शोधली आणि ‘भाऊबीज निधी’ सुरू झाला. दिवाळीत बहिणीने ओवाळले की भाऊ तबकात ओवाळणी घालतो. तशीच ओवाळणी शिकणाऱ्या मुलींसाठी संस्थेला द्यावी, असे आवाहन घरोघर गेले. शिक्षक, कार्यकर्ते, माजी विद्यार्थिनी पावतीपुस्तके घेऊन बाहेर पडत. रक्कम लहान, पण दरवर्षी येणारी. रमाबाईंच्या मंडळांनी दहा वर्षांचे वचन कागदावर घेतले होते. इथे सणच दरसाल आठवण करून देई. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत ही प्रथा अजून चालू आहे.

अमेरिकेत आणि युरोपात याच हिशेबाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे रूप आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मिस फाउंडेशन फॉर विमेन’ काढले. अॅम्स्टरडॅममध्ये १९८३ साली पाच जणींनी ‘मामा कॅश’ स्थापन केली. त्यांतल्या मार्यान साक्स यांनी वारशात मिळालेली रक्कम बिनव्याजी देऊन तिला पाया दिला. ओहायोतल्या सिनसिनाटीत २००१ मध्ये वेंडी स्टील यांनी ‘इम्पॅक्ट १००’ची कल्पना मांडली: शंभर बायकांनी प्रत्येकी हजार डॉलर द्यायचे आणि मतदान करून एक लाखाचे अनुदान द्यायचे. रमाबाई सर्कलमधल्या बायका पैसे देत आणि खर्चाचे बॉस्टनवर सोपवत. इथे प्रत्येक वर्गणीदाराला मत आहे.

शारदा सदनातल्या मुलींना मात्र यातल्या कशातच मत नव्हते. त्यांच्यासाठी काय खर्चावे, हे रमाबाई, पुण्याचे सल्लागार आणि बॉस्टनची समिती यांनी ठरवले. हे अंतर बुजवण्याचा प्रयत्न अलीकडचा आहे. २०१० मध्ये सुरू झालेला ‘फ्रिडा’ हा निधी तरुण मुलींच्या गटांना अनुदान देतो, आणि कोणाला द्यायचे याचे मत अर्ज करणारे गटच देतात. प्रत्येक गटाने आपल्या प्रदेशातल्या बाकीच्यांचे अर्ज वाचायचे आणि स्वतःचा अर्ज सोडून इतरांना मत द्यायचे, असा तिथला नियम आहे.