पाहणारा, सांगणारा आणि मारा करणारा : माहुलीच्या मेटापासून देवळालीच्या निरीक्षणविमानापर्यंत

विमानांच्या लष्करी नियंत्रणाचा इतिहास लिहिताना आरंभ बहुधा विमानापासून केला जातो. ते सोयीचे असले तरी पुरेसे नाही. आकाशातून पाहणाऱ्या आणि जमिनीवरील वा आकाशातील माऱ्याला दिशा देणाऱ्या पथकांपुढे जो मूळ प्रश्न होता, तो विमानाहून पुष्कळच जुना आहे. उंचावर असलेल्यास दिसते. परंतु ज्याला दिसते त्याच्या हाती शस्त्र नसते, आणि ज्याच्या हाती शस्त्र असते त्याला दिसत नाही. या दोघांमध्ये शब्द उभा असतो. पाहणारा, सांगणारा आणि मारा करणारा यांच्यातील अंतर कोणी, कसे आणि कितपत कमी केले, हाच अशा पथकांच्या इतिहासाचा गाभा होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या डोंगररांगेवर या प्रश्नाचे जुने रूप पाहावयास मिळते. आणि तीच रांग थळघाटाने ओलांडून गेले असता, देवळालीच्या पठारावर त्याचे आधुनिक रूप भेटते.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला टेकलेले आहेत. उत्तरेस कसाऱ्याकडून थळघाट, दक्षिणेस माळशेज आणि नाणेघाट, मध्ये माहुली, सिद्धगड, गोरखगड, मच्छिंद्रगड असे कडे. कल्याण व सोपारा या बंदरांतून देशावर जाणारा माल याच वाटांनी चढत असे. नाणेघाटाच्या माथ्यावरील सातवाहनकालीन लेणे, तेथील नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण यांवरून या वाटेचे प्राचीनत्व व तिच्यावरील राजसत्तेचे लक्ष स्पष्ट होते. येथे उंचीला मोल होते ते ती रहदारी दिसते म्हणून.

तथापि केवळ उंची म्हणजे टेहळणी नव्हे, याचे उत्तम उदाहरण माहुलीनेच दिले आहे. आसनगावाजवळचा हा तीन शिखरांचा किल्ला : पळसगड, माहुली आणि भंडारगड. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा प्रतिकार येथूनच केला. पुरंदरच्या तहान्वये १६६५ मध्ये मोगलांकडे गेलेल्या तेवीस किल्ल्यांत माहुलीही होती. १६७० च्या आरंभी, गेलेले किल्ले परत घेण्याच्या मोहिमेत, मराठ्यांनी तिच्यावर छापा घातला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. छापा फसला आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. त्यानंतर गौडाने किल्लेदारी सोडली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली जिंकली. कडा तोच, तट तोच, वाटा त्याच. बदलला होता तो फक्त पाहणारा. किल्ल्यांच्या इतिहासलेखनात तटांच्या आणि बुरुजांच्या मोजमापांना जी जागा मिळते, तिचा थोडासा भाग या गोष्टीला मिळावयास हरकत नाही.

मात्र किल्लेदार सावध राहतो म्हणजे काय होते? त्याच्यापर्यंत कोणीतरी वार्ता पोहोचवितो. हे काम तटावरच्या शिबंदीचे जितके, तितकेच किंबहुना त्याहून अधिक कड्याखालच्या मेटांचे होते. मेट म्हणजे किल्ल्याच्या चढणीवर, माथ्याच्या खाली वसविलेली चौकी. तेथे घेऱ्यातील कोळी, महार, रामोशी, बेरड अशा जमातींची माणसे कुटुंबांसह राहत आणि त्या बदल्यात त्यांच्याकडे जमिनी चालत. त्र्यंबकजवळच्या मेटघर या गावाच्या नावात हा शब्द अद्याप शिल्लक आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ल्यांच्या व्यवस्थेचा जो सविस्तर विचार केला आहे, त्यावरून या व्यवस्थेकडे राज्यकर्ते किती बारकाईने पाहत हे कळते. कागदपत्रांत हवालदार, सबनीस, कारखानीस नावानिशी येतात. मेटावरचा माणूस बहुधा जातीच्या नावाने वा संख्येने येतो.

या व्यवस्थेची शब्दावली तपासली असता एक विशेष ध्यानात येतो. ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या कालवाचक शब्दापासून आलेला आहे. म्हणजे राखणदारी ही मुळात वेळेची वाटणी. ‘नजरबाज’ हा शब्द केवळ पाहण्यावर बेतलेला आहे, पण त्याचा अर्थ हेर. याउलट ‘जासूद’ हा शब्द ज्या अरबी शब्दापासून आला त्याचा अर्थ हेर असा आहे. मराठी दप्तरांत मात्र जासूद म्हणजे प्रामुख्याने पत्रे घेऊन धावणारा निरोप्या. अर्थांतराचे हे उदाहरण वरवर किरकोळ वाटेल. परंतु पाहणे आणि पोहोचविणे ही दोन कामे व्यवहारात एकमेकांत मिसळत होती, पाहणाऱ्याची किंमत त्याच्या पायांच्या वेगावर ठरत होती, असा त्यातून बोध होतो. धूर, जाळ किंवा तोफेचा बार यांनी वार्ता त्वरित जाई हे खरे. पण बार ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगतो, कोण, किती आणि कोणत्या वाटेने हे सांगत नाही. ते सांगण्यास माणूसच खाली उतरावा लागे.

१८६५ मध्ये थळघाटाची चढण पूर्ण होऊन आगगाडी शहापूर तालुक्यातून कसाऱ्यामार्गे वर इगतपुरीकडे जाऊ लागली, आणि घाटापलीकडील देवळालीची छावणी मुंबई बंदराशी जोडली गेली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे महिनोन्‌महिने कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत वेड लागण्याला देवळालीचे नाव पडले. त्याला जोडून येणारा ‘टॅप’ हा आपला ‘ताप’ होय. पुढे हेच ठाणे तोफखान्याच्या शिक्षणाचे केंद्र झाले, आणि पाहणारा व मारा करणारा यांचा जुना प्रश्न नव्या साधनांनिशी ज्या शास्त्रात सोडविला जात होता, ते शास्त्र तेथे शिकविले जाऊ लागले.

तोफ डोंगराआडून मारा करू लागली तेव्हा गोलंदाजाला आपला गोळा कोठे पडला हे दिसेनासे झाले. पहिल्या महायुद्धात ते पाहण्याचे काम विमानांकडे आले, आणि त्याबरोबर भाषेची अडचणही आली. वैमानिक आकाशातून बिनतारी यंत्राने मोर्सच्या लिपीत संदेश पाठवी. परंतु आरंभीच्या काळात त्याला उत्तर ऐकण्याची सोय नव्हती, म्हणून जमिनीवर कापडाच्या पट्ट्या पसरून त्याला उत्तर द्यावे लागे. गोळा कोठे पडला हे सांगण्यासाठी १९१५ च्या सुमारास ‘घड्याळी संकेत’ रूढ झाला. लक्ष्य हा घड्याळाचा मध्य, बारा म्हणजे उत्तर, आणि मध्याभोवती दहा, पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे, तीनशे, चारशे व पाचशे यार्डांची वर्तुळे. प्रत्येक वर्तुळाला रोमन लिपीतील एक अक्षर, आणि दिशेला तासाचा आकडा. ‘सी नऊ’ एवढ्या दोन चिन्हांत शंभर ते दोनशे यार्डांच्या दरम्यान पश्चिमेस गोळा पडला, असे सांगता येई.

संकेत म्हणून हा अतिशय सुबक आहे. दोन चिन्हांत दोन परिमाणे बसविण्याची ही काटकसर भाषाभ्यासकाने दखल घ्यावी अशीच. पण त्याचा दोषही त्याच्या सुबकपणातच आहे. वैमानिक लक्ष्याच्या भोवतीची भाषा बोलतो, तोफ आपल्या जागेवरून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेची भाषा समजते. उत्तर-दक्षिणेचे रूपांतर डाव्या-उजव्यात आणि अलीकडे-पलीकडेत कोणीतरी करावेच लागे. शिवाय वैमानिक हवाई दलाचा. तोफखान्याला हुकूम देण्याचा त्याला अधिकार नव्हता. तो वार्ता देई, निर्णय दुसरा घेई. मेट आणि किल्लेदार यांच्यातील अंतर येथे पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला द्रिघ रोड येथे चार वापिटी विमानांनिशी भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन स्थापन झाली, तीही भूसेनेशी सहकार्य करण्यासाठीच. आणि ती याच परंपरेत घडली.

या कोंडीवर उपाय सुचविला तो चार्ल्स बेझली या ब्रिटिश गोलंदाज अधिकाऱ्याने. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वैमानिकाला तोफखान्याची भाषा शिकविण्यापेक्षा गोलंदाजालाच विमान चालविण्यास शिकवावे. हवाई दलाला ते फारसे रुचले नाही. तरी १९४० मध्ये एक प्रायोगिक तुकडी उभारली गेली, आणि ऑगस्ट १९४१ मध्ये ‘एअर ओ.पी.’ म्हणजे हवाई निरीक्षण चौकीची पहिली स्क्वाड्रन, ६५१ वी, अस्तित्वात आली. विमाने लहान, संथ आणि निःशस्त्र. ती शत्रूच्या डोक्यावर जात नसत, स्वतःच्या तोफांच्या आसपास कमी उंचीवर थोडा वेळ घिरट्या घालून उतरत. नवे होते ते त्यांतील माणसाचे स्थान. तो घड्याळी संकेत टाकून देऊन नित्याच्याच गोलंदाजी हुकुमांत बोले : डावीकडे, उजवीकडे, इतके यार्ड पुढे, इतके मागे, मारा. जो पाहतो तोच हुकूम देतो. मधला अनुवादक गळाला. विमानापेक्षा हा शोध मोठा मानला पाहिजे, कारण तो यंत्राचा शोध नसून अधिकाराच्या वाटणीचा आहे.

याच जातीची ६५६ वी स्क्वाड्रन १९४३ मध्ये भारतात आली आणि १९४४ पासून अराकान व ब्रह्मदेशाच्या मोहिमेत राहिली. भारतीय सेनेची पहिली हवाई निरीक्षण चौकी ऑगस्ट १९४७ मध्ये, फाळणीच्याच महिन्यात, उभी राहिली. ब्रिटिश रचनेतील दुहेरीपणाही वारशात आला : स्क्वाड्रन आणि विमाने हवाई दलाची, वैमानिक तोफखान्याचे. ही दोन घरांची व्यवस्था जवळजवळ चाळीस वर्षे टिकली.

आवाजाने चालणारे नियंत्रण डोळ्यांवाचून किती आंधळे असते, याची साक्ष मुरबाडला लागून असलेल्या घाटमाथ्याने १९६२ मध्ये दिली. प्रसंग लष्करी नव्हे. तथापि विषयाला तो अगदी निकटचा आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे होती. कोणी वाचले नाही. मुंबई अद्याप सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. आपण तिच्याजवळ आलो अशा चुकीच्या समजुतीने विमान अकाली खाली उतरविले गेले. पावसाळ्याच्या रात्री, ज्या रांगेने शतकानुशतके इतरांवर नजर ठेवली, ती रांग वैमानिकाला दिसली नाही.

याच्या अगदी उलट प्रकारचा प्रसंग नऊ वर्षांनी राजस्थानच्या वाळवंटात घडला. ४ व ५ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री लोंगेवाला येथील २३ पंजाबच्या एका कंपनीवर, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या ठाण्यावर, पाकिस्तानी रणगाडे चालून आले. जैसलमेरची हंटर विमाने रात्री लढू शकत नव्हती. उजाडेपर्यंत ठाण्याने तग धरला. पहाटे हंटर विमाने आली तेव्हा तेथे मेजर आत्मासिंग आपले कृषक विमान घेऊन घिरट्या घालीत होते. कृषक हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले साधे, निःशस्त्र निरीक्षणविमान. वेगाने येणाऱ्या हंटरच्या वैमानिकाला लक्ष्य हेरण्यास क्षणच मिळतात. आत्मासिंगांनी रेडिओवरून रणगाड्यांच्या जागा सांगून ते क्षण सार्थकी लावले. येथे गोलंदाज वैमानिक तोफांना नव्हे, तर विमानांना दिशा देत होता. निरीक्षणाचे नियंत्रण झाले ते असे, रणक्षेत्राच्या गरजेपोटी, कोणत्याही परिपत्रकावाचून.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर स्वतंत्रपणे स्थापन झाले आणि दोन घरांची व्यवस्था संपली. तिचे लढाऊ प्रशिक्षण देणारी शाळा २००३ मध्ये नाशिकला सुरू झाली. तोफखान्याची शाळा देवळालीस आहेच, त्यामुळे पाहण्याचे आणि मारण्याचे शिक्षण आज एकाच परिसरात मिळते. मध्यंतरी निरीक्षणाचा पुष्कळ भाग वैमानिकरहित विमानांकडे गेला आहे. त्यांतील निरीक्षक उंचावर नसतोच. तो जमिनीवर, पडद्यापुढे बसलेला असतो.

मराठीने या सर्व घडामोडींना ‘टेहळणी’ हाच शब्द लावला आहे. वृत्तपत्रांत वैमानिकरहित यंत्रालाही ‘टेहळणी विमान’ म्हणतात. ‘नियंत्रण’ हा संस्कृत शब्द त्याच्या शेजारी आला, पण त्यात पाहण्याचा अर्थ नाही, जसा टेहळणीत हुकूम देण्याचा नाही. बेझलीच्या गोलंदाजाला किंवा लोंगेवाल्यावरील कृषकच्या वैमानिकाला, म्हणजे पाहणे आणि हुकूम देणे ही दोन्ही कामे एकट्याने करणाऱ्या माणसाला, आपल्या भाषेत अद्याप स्वतंत्र नाव नाही. मेटावरच्या माणसाला निदान मेटकरी असे नाव होते. हुकूम देण्याचा अधिकार मात्र नव्हता.