महादेव कोळ्यांविषयी कुणी कुणी लिहिलं?

मानवशास्त्राला प्रवेश घेतलेल्या मुलाला घरचे विचारतात, ‘हे शिकून पुढे काय?’ शेजारचे विचारतात, ‘म्हणजे नेमकं शिकवतात तरी काय?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर नोकरीच्या बाजारात शोधावं लागतं. दुसऱ्याचं मात्र पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतही सापडू शकतं.

या तालुक्यांच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाज राहतो. भात, नाचणी, वरईची शेती आणि जंगलातला हिरडा हा त्याच्या जगण्याचा आधार. गेल्या दोनशे वर्षांत या समाजाविषयी आधी पोलीस अधिकाऱ्याने लिहिलं, मग प्राध्यापकाने, मग समाजातल्याच एका संशोधकाने आणि पुढे न्यायालयानेही. ही चार लिखाणं शेजारी शेजारी ठेवून वाचली तर मानवशास्त्र काय शिकवतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाहिलेलं आणि ऐकलेलं

या चौघांच्या कितीतरी आधी एक परका माणूस जुन्नरला येऊन गेला. अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. 1469च्या सुमारास तो चौल बंदरात उतरला आणि पाली, उमरी करत जुन्नरला पोहोचला. बहमनी सलतनतीचा तो काळ. पावसाळ्याचे दोन महिने त्याने जुन्नरात काढले. रोजचा पाऊस, चिखल, पेरणी, घोड्यांना चारली जाणारी खिचडी, लोकांचे कपडे, सगळं त्याने टिपून ठेवलं. गोरा माणूस पाहायला लोक मागे मागे फिरतात, हेही लिहिलं. म्हणजे पाहणारा स्वतःही पाहिला जात होता.

जुन्नरचा सुभेदार असद खान याने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर मोहराही देतो, असं सांगितलं. खुरासानच्या एका ख्वाजा मुहंमदने मध्यस्थी केली आणि निकितीनचा घोडाही वाचला, धर्मही. एकाच प्रसंगात जबरदस्ती करणारा मुसलमान आहे आणि सोडवणाराही मुसलमान आहे. यातलं एकच पात्र उचलून इतिहास सांगणारे आज पुष्कळ आहेत. दोन्ही पात्रं जागेवर ठेवणं हा अभ्यासाचा पहिला धडा.

दुसरा धडा निकितीनच्या चुकांतून मिळतो. ज्या घरावर बसेल तिथे माणूस मरतो असा पक्षी, फौज बाळगणारा माकडांचा राजा, अशा ऐकीव गोष्टीही त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या रांगेत बसवल्या. त्याच्या चारशे वर्षं आधी अल-बिरुनीने संस्कृत शिकून ‘किताब अल-हिंद’ लिहिला. ऐकलेल्याला पाहिलेल्याची सर येत नाही, ही गोष्ट त्याने ग्रंथाच्या सुरुवातीलाच मांडली. आजही क्षेत्रकार्याला निघालेल्या विद्यार्थ्याच्या वहीत पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं असावं लागतं.

पोलिसाची वही

महादेव कोळ्यांविषयीचं पहिलं सविस्तर इंग्रजी लिखाण कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशचं, 1836च्या सुमाराचं. त्यात समाजाची कुळं आहेत, दैवतं आहेत, लग्नाच्या आणि मयताच्या चाली आहेत. माहिती मोलाची आहे, यात वाद नाही. पण मॅकिंटॉश कोण होता? तो अहमदनगरच्या पोलीस दलाचा अधिकारी होता. याआधी 1833 साली त्याने रामोशी समाजावर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात 1832 साली फाशी गेलेल्या उमाजी नाईकांचं चरित्र होतं. ज्या डोंगरांत बंड होई, तिथल्या माणसांची नाती, वाटा आणि आसरे सरकारला माहीत करून घ्यायचे होते. पुढे याच सह्याद्रीत राघोजी भांगरे यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं आणि 1848 साली त्यांना ठाण्यात फाशी झाली.

म्हणून मॅकिंटॉश वाचायचा, पण त्याची नोकरी लक्षात ठेवून वाचायचा. ‘लुटारू’ हा शब्द कागदावर दिसला की तो कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या महिन्यात लिहिला, हे विचारायचं. भाताचं पीक बुडालं होतं का? वतन गेलं होतं का? सावकाराने जमीन ओढली होती का?

प्राध्यापक आणि निमगिरीचा मुलगा

स्वातंत्र्यानंतर 1957 साली गोविंद सदाशिव घुर्ये यांचं महादेव कोळ्यांवरचं पुस्तक आलं. घुर्ये मूळ मालवणचे, केंब्रिजला शिकलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची पायाभरणी केलेले. आदिवासी हे वेगळे कोणी नसून ‘मागासलेले हिंदू’ आहेत, हे मत त्यांनी 1943 सालीच मांडलं होतं. व्हेरिअर एल्विन यांना ते मान्य नव्हतं. बाहेरच्या दबावापासून आदिवासींचं जंगल, जमीन आणि जगण्याची रीत जपली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दोघेही मोठे अभ्यासक, दोघांनीही आयुष्य यात घातलं. तरीही निष्कर्ष उलटे. आदिवासींना कोणत्या खान्यात बसवायचं, याचा हा वाद आदिवासींच्या डोक्यावरून चालला होता.

तो प्रश्न आतून विचारणारा माणूस जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीतून आला. डॉ. गोविंद गारे महादेव कोळी समाजातले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक झाले आणि महाराष्ट्रातल्या अनेक जमातींवर त्यांनी मराठीत लिहिलं. आपल्या समाजावरच्या पुस्तकाचं नाव त्यांनी ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ असं ठेवलं. नावातच त्यांनी आपली बाजू सांगून टाकली.

आतल्या माणसाचं लिखाण आपोआप खरं ठरतं असं नाही. त्याचीही माया असते, राग असतो, झाकून ठेवायच्या गोष्टी असतात. पण इंग्रजीत लिहिलेलं वर्णन ज्याचं आहे त्याला वाचता येत नाही. मराठीत लिहिलेलं त्याला वाचता येतं आणि ‘हे असं नाही’ असं म्हणताही येतं. एवढ्या एका फरकाने ज्ञानाचा तोल बदलतो.

दाखला

हे सगळं ग्रंथालयात राहिलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण 1994 साली महादेव कोळी जमातीच्या दाखल्यावरूनच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. खोटे दाखले घेऊन राखीव जागा बळकावल्या जातात, ही तक्रार खरी होती. डोंगरातल्या मुलाची जागा त्यामुळे जाते. न्यायालयाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथकांची पद्धत घालून दिली. अर्जदाराचं दैवत कोणतं, विधी कोणते, लग्न कसं होतं, मयताचं काय करतात, हे मानवशास्त्राच्या अंगाने तपासायचं ठरलं. यालाच आप्तभाव चाचणी म्हणतात.

आता विचार करा. आंबेगावच्या डोंगरातून कामासाठी मुंबईला आलेल्या हमालाची मुलगी चाळीत वाढली. तिच्या घरी लग्न हॉलमध्ये होतं. कुलदैवताच्या विधीची तपशीलवार माहिती तिला नसेल, तर ती आदिवासी नाही का? आणि पुस्तक पाठ करून आलेला लबाड अर्जदार सगळी उत्तरं बरोबर देईल, त्याचं काय? मार्च 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की ही चाचणी म्हणजे जातीच्या दाव्याची अंतिम कसोटी नव्हे. शिक्षण, स्थलांतर, शहर यांनी चालीरीती बदलतात.

मानवशास्त्राच्या वर्गात हे पहिल्या वर्षीच शिकवतात, की संस्कृती गोठत नाही. अभ्यासकाने एका वेळी, एका गावात पाहिलेलं वर्णन कायमचा साचा झालं, तर जिवंत माणसाला त्या साच्यात बसून दाखवावं लागतं.

एका शब्दाची किंमत

तर मग विद्यार्थी शिकतो काय? ऐकायला शिकतो. ‘पडकई’ हा शब्द घ्या. डोंगरउतारावर दगडमातीचे बांध घालून, एकमेकांच्या शेतात राबून भातखाचरं तयार करायची ही इथली जुनी रीत. सरकारी कागदावर तिचं ‘जमीन सपाटीकरण’ होतं. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसं गेली. मुसळधार पाऊस झाला होता. उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही काहींनी बोट दाखवलं. कारणांचा वाद भूशास्त्राचा आहे. पण हातांनी, हळूहळू होणारं काम आणि यंत्राने होणारं काम यांना कागदावर एकच नाव मिळालं, की कोणता फरक पुसला जातो, हा मानवशास्त्राचा प्रश्न आहे.

‘आम्हाला माहीत नाही’ असं म्हणायलाही हा विषय शिकवतो. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावात कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारं मिळाली. त्या राखेचं वय एका मापनाने सुमारे 14 लाख वर्षं आलं, दुसऱ्याने सुमारे पावणेसात लाख, तर काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची 75 हजार वर्षांपूर्वीची राख आहे. कोण इथे आधी आलं यावरून हाणामाऱ्या करणाऱ्यांनी हा वाद जरूर वाचावा.

जुन्नरात एकेकाळी कागझी मुसलमानांची वस्ती हातकागद बनवत असे. लगदा करायचा, ताव काढायचा, वाळवायचा, खळ लावून घोटायचा. मराठी दफ्तरांत ‘जुन्नरी कागद’ मानाने वावरला. त्यावर इतरांची वतनं, करार, निवाडे लिहिले गेले. त्या घरांतल्या बायका कोणतं काम करत, कच्चा माल कोणाकडून उधार येई, गिरणीचा कागद आल्यावर ही माणसं कुठे गेली, हे प्रश्न घेऊन कुणी तिथल्या म्हाताऱ्यांपाशी बसायला हवं. जुन्नरच्या मोहल्ल्यातली एखादी मुलगी उद्या मानवशास्त्र शिकणार असेल, तर ‘पुढे काय?’ म्हणणाऱ्यांना तिने हे काम दाखवावं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी कागद बनवणाऱ्यांचं स्वतःचं पान अजून भरायचं आहे.